यांत्रिक लेखनशुद्धी आणि पाठनिष्ठा

१

हस्तलिखितांच्या अभ्यासात नकलकाराकडे पाहण्याची एक ठरलेली दृष्टी आहे. नकलकार प्रामाणिक असेल, व्युत्पन्नही असेल. पण त्याच्या हातून मूळ पाठ जसाच्या तसा उतरला आहे असे गृहीत धरून चालत नाही. अडाणी नकलकार चुका करितो, जाणता नकलकार सुधारणा करितो. आणि या दोघांत दुसऱ्याचीच भीती अधिक बाळगावी लागते. अडाण्याची चूक अर्थहीन असल्यामुळे डोळ्यांत भरते व तिच्यामागचा मूळ शब्द पुष्कळदा हुडकून काढता येतो. जाणत्याची सुधारणा अर्थपूर्ण असते, व्याकरणाला धरून असते, आणि म्हणूनच ती मूळ पाठ म्हणून खपून जाते.

संगणकावरील वर्ड प्रोसेसरमध्ये ‘ऑटोकरेक्ट’ या नावाची जी सोय असते, तिची चर्चा बहुधा सोय आणि गैरसोय एवढ्याच अंगाने होते. ती कशी चालू करावी, कशी बंद करावी, हे सांगितले की विषय संपला असे मानले जाते. परंतु आज प्रबंध, लिप्यंतरे, जुन्या ग्रंथांतील उतारे, पाठभेदांच्या नोंदी हे सर्व लेखन याच साधनावर होते. हाताने उतरून घेतलेला मजकूरही अखेर तेथेच येतो. तेव्हा हा नवा नकलकार वरील दोहोंपैकी कोणत्या जातीचा आहे, त्याची दुरुस्ती कोणत्या तत्त्वावर चालते, आणि संशोधकाने ती कितपत मान्य करावी, याचा विचार पाठचिकित्सेच्या बाजूने होणे अवश्य आहे.

२

शब्दलेखनातील चूक यंत्राने ओळखावी आणि यंत्रानेच सुधारावी, ही कल्पना वर्ड प्रोसेसरहून जुनी आहे. फ्रेड डॅमेराउ यांनी १९६४ मध्ये यासंबंधीची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या पाहणीत ८० टक्क्यांहून अधिक चुका चार प्रकारांपैकी एकात बसल्या: एक अक्षर गळणे, एक अधिक पडणे, एकाच्या जागी दुसरे येणे, आणि शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. पोथ्यांतील लेखनदोषांचे वर्गीकरण ज्यांच्या परिचयाचे आहे त्यांना ही यादी ओळखीची वाटेल. सु. मं. कत्रे यांनी भारतीय पाठचिकित्सेवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील दोषविचारातही लोप, आगम, आदेश आणि विपर्यय या गोष्टी आहेतच. मनुष्याचा हात बोरूने चुको अथवा कळफलकावर चुको, चुकण्याच्या वाटा त्याच राहतात.

साम्य मात्र येथेच संपते. दोष ओळखल्यावर पाठचिकित्सक इतर प्रतींकडे वळतो. यंत्र शब्दसंग्रहाकडे वळते. लिहिलेला शब्द संग्रहात नसेल तर तो चुकीचा, आणि त्याच्या सर्वांत जवळचा जो शब्द संग्रहात असेल तो बरोबर, हे त्याचे गृहीत असते. पत्रव्यवहाराच्या भाषेपुरते हे गृहीत पुष्कळ वेळा खरे ठरते. संशोधकाची भाषा मात्र, त्याच्या विषयामुळेच, संग्रहाबाहेरच्या शब्दांनी भरलेली असते.

या दुरुस्तीला लिहिणाऱ्याचा हेतू कळतो असा दावाही आरंभीच केला गेला. वॉरन टाइटलमन यांनी १९६० नंतरच्या दशकात लिस्प या संगणकभाषेसाठी एक योजना तयार केली आणि तिला ‘मला म्हणावयाचे आहे ते कर’ अशा अर्थाचे नाव दिले. टीकाकारांनी त्यावर असा शेरा मारला की, ही योजना ‘टाइटलमन यांना म्हणावयाचे आहे ते’ करते. कारण ती त्यांच्याच हातून होणाऱ्या चुकांना जुळवून घेतलेली होती. या शेऱ्यात विनोदापेक्षा अधिक काही आहे. प्रत्येक स्वयंचलित दुरुस्तीच्या मागे कोणीतरी एक विशिष्ट लिहिणारा कल्पिलेला असतो, आणि इतर सर्वांचे लेखन त्या कल्पित लेखकाच्या मापाने कापले जाते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘वर्ड’ हा वर्ड प्रोसेसर १९८३ मध्ये आला. ऑटोकरेक्ट ही सोय त्यात १९९३ च्या सहाव्या आवृत्तीपासून आहे. या कामाशी डीन हाचामोविच यांचे नाव जोडले जाते, आणि त्यांनी सांगितलेला तिचा जन्मवृत्तान्त लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यापूर्वी ‘ग्लॉसरी’ नावाची एक सोय होती. लिहिणाऱ्याने आपल्या वारंवार लागणाऱ्या मजकुराला एक लघुसंकेत ठरवून द्यावा, तो संकेत लिहून एक ठराविक कळ दाबावी, म्हणजे पूर्ण मजकूर उमटे. इंग्रजीतील ‘द’ या उपपदाची अक्षरे घाईत उलटसुलट पडली तर तीही याच मार्गाने सुधारता येत. पुढे असे ध्यानात आले की, प्रत्येक शब्दानंतर लिहिणारा जागा सोडण्याची कळ दाबतोच. तर मग दुरुस्तीची आज्ञा त्याच कळीला का जोडू नये? तशी ती जोडली गेली.

वरवर पाहता हा केवळ एका कळीचा फरक आहे. वस्तुतः येथे दुरुस्तीचा कर्ता बदलला. पूर्वी लिहिणारा ‘हे बदल’ असे म्हणत होता. आता तो ‘हा शब्द संपला’ एवढेच म्हणतो आणि बदल घडून जातो. त्याची संमती गृहीत धरली जाते, आणि ती नसल्यास नकार नोंदविण्याचे काम त्याच्याकडे येते. नकारासाठी बदल दिसावा लागतो. आणि भराभर लिहिणाऱ्याचे लक्ष पुढच्या शब्दावर, नक्कल करणाऱ्याचे तर पडद्याबाहेर, मूळ कागदावर असते.

३

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. सी. सुखठणकर यांनी आदिपर्वाला जोडलेली १९३३ ची प्रस्तावना हा या क्षेत्रातील अभ्यासकांचा पाठच होऊन बसला आहे. त्या परंपरेत मान्य असलेले एक सूत्र असे की, दोन पाठांपैकी जो अधिक कठीण, अधिक अपरिचित, तो इतर गोष्टी समान असता मूळ असण्याचा संभव अधिक. कारण उघड आहे: नकलकार अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द घालतो, परिचिताच्या जागी अपरिचित घालण्याचे त्याला काही कारण नसते.

यांत्रिक शुद्धी याच्या नेमकी उलट दिशेने चालते. सोपा पाठ हाच तिचा खरा पाठ. अपरिचित शब्द दिसला की तो परिचित शब्दाचे बिघडलेले रूप आहे, असा तिचा निकाल आधीच तयार असतो. म्हणजे ज्या प्रवृत्तीला पाठचिकित्सेने दोष ठरविले, तीच प्रवृत्ती येथे तत्त्व म्हणून बसविली आहे. ज्या लेखनात परिचित शब्द हेच अभिप्रेत असतात, तेथे हे तत्त्व निरुपद्रवी आहे. कार्यालयीन पत्राला कठीण पाठाची गरज नसते. आक्षेप तत्त्वाच्या अस्तित्वावर नसून त्याच्या मर्यादाहीनतेवर आहे.

एक उदाहरण प्रसिद्ध आहे. सहकार्य या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘कोऑपरेशन’ काही जुन्या शब्दसंग्रहांत केवळ मध्ये संयोगचिन्ह असलेल्या रूपातच नोंदलेला होता. एखाद्याने तो अखंड लिहिला की तपासणीच्या साधनाला तो चुकीचा वाटे, आणि पर्याय म्हणून ‘क्युपर्टिनो’ हे कॅलिफोर्नियातील एका गावाचे नाव पुढे येई. संयुक्त राष्ट्रसंघ, युरोपीय संघ यांसारख्या संस्थांच्या दस्तऐवजांत, राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्याच्या जागी हे गाव येऊन बसले. भाषाशास्त्रज्ञ बेन झिमर यांनी २००६ मध्ये या प्रकारावर लिहिले, आणि अशा विपर्यासांना त्या गावाचेच नाव पडले. येथे चूक पकडली गेली, कारण ती हास्यास्पद होती. गाव आणि सहकार्य यांत कोणताही संबंध नसल्यामुळे वाचक थबकला. संबंध असता, अर्थ थोडासाच बदलला असता, तर तो थबकला नसता. आणि संशोधनाच्या दृष्टीने चिंता वाटावी ती अशाच बदलांची.

४

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि तो केवळ शब्दसंग्रह अपुरे असल्यामुळे नव्हे. आपल्या लेखनाची घडणच अशी आहे की, ‘चुकीच्या शब्दासमोर बरोबर शब्द’ अशा दोन रकान्यांच्या कोष्टकात तिला बसविणे कठीण जाते.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले. १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. या नियमांप्रमाणे ‘वकील’ हा शब्द दीर्घ उपान्त्याने लिहावयाचा. परंतु विभक्तीच्या वेळी तोच इकार ह्रस्व होऊन ‘वकिलाला’ असे रूप होते. ‘गरीब’ आणि ‘गरिबास’, ‘सून’ आणि ‘सुनेला’ यांची तीच गत. उलट तत्सम शब्दांत दीर्घत्व टिकते: ‘शरीर’ आणि ‘शरीरात’, ‘परीक्षा’ आणि ‘परीक्षेस’. म्हणजे सामान्यरूपातील इकार ह्रस्व असावा की दीर्घ, हे ठरविण्यासाठी शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे किंवा नाही हे ठाऊक असावे लागते. कोष्टकाला व्युत्पत्ती ठाऊक नसते. ‘वकिल’ असे लिहिताच ‘वकील’ करावे, अशी नोंद कोणी केली तर ती त्या एकट्या शब्दापुरती ठीक आहे; पण ‘वकीलाला’ या चुकीच्या रूपाला ती हात लावीत नाही. त्यासाठी दुसरी नोंद हवी, ‘वकीलांनी’साठी तिसरी, ‘वकीलांच्यासुद्धा’साठी आणखी एक. प्रत्यये आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिण्याच्या आपल्या पद्धतीमुळे एका नामाची रूपे किती होतील याला अंत नाही.

याहून नाजूक जागा म्हणजे जेथे दोन्ही रूपे शुद्ध असतात. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’ यांत चूक कोणती हे वाक्यच सांगू शकेल. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद तर मठ आणि मुदपाकखाना यांतील भेद आहे. या दुसऱ्या शब्दातील अर्ध्या रकाराची आणखी एक अडचण अशी की, संगणकाच्या संकेतव्यवस्थेत तो दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो. दोन्ही रूपे कागदावर सारखीच दिसतात, परंतु यंत्राला ती भिन्न वाटतात. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच अशी खात्री नसते, आणि कोष्टकातील नोंद ज्या रीतीने केली असेल त्याच रीतीच्या शब्दावर ती चालते. शब्दांची वारंवारता मोजून निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने हे विसरून चालणार नाही.

परंतु या सर्वांपेक्षा महत्त्वाचा मुद्दा महामंडळाच्या नियमांतच आहे. केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य यांतील उतारे छापावयाचे असता ते मुळाप्रमाणेच छापावेत, असा त्या नियमांत स्पष्ट निर्देश आहे. नियम करणाऱ्यांनी आपल्या नियमांची सीमा आपणच आखून दिली. आजच्या लेखनाला शिस्त लावण्याचा अधिकार त्यांनी घेतला. कालच्या लेखनावर तो चालत नाही हेही मान्य केले. यंत्राच्या कोष्टकात अशी सीमा घालण्याची जागाच नाही. त्याला भाषा कळते, म्हणजे हा मजकूर मराठी आहे की इंग्रजी एवढे त्याला सांगता येते. शतक सांगता येत नाही. प्रबंधकाराचे स्वतःचे वाक्य आणि त्याच वाक्यात त्याने उद्धृत केलेला महानुभावीय गद्याचा तुकडा त्याच्या लेखी एकाच काळाचे, एकाच हाताचे.

याचा परिणाम काय होईल हे कल्पनेने पाहता येते. एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून ‘झाले’ या शब्दाऐवजी ‘जाले’ असे पडते, म्हणून त्याने आपल्या सोयीसाठी तशी नोंद करून ठेविली. स्वतःच्या लेखनापुरती ती निर्दोष आहे. पुढे तोच विद्यार्थी पेशवेकालीन पत्रांचे लिप्यंतर करू लागला, तर त्या पत्रांतील प्रत्येक ‘जाले’ त्याच्या नकळत ‘झाले’ होईल. ‘म्हणौनि’, ‘तेया’ यांसारखी रूपेही अशाच एखाद्या नोंदीच्या तडाख्यात सापडतील. आणि या रूपांतच तर कालनिर्णयाचा, बोलीचा, लिहिणाऱ्याच्या शिक्षणाचा पुरावा असतो. मोडी कागदांत ह्रस्वदीर्घाचा भेद सामान्यतः पाळलेला नसतो; तेव्हा देवनागरीत उतरताना कोणते धोरण ठेवावे हा लिप्यंतरकाराने विचारपूर्वक घ्यावयाचा निर्णय आहे. तो निर्णय अर्ध्या शब्दांत त्याने घ्यावा आणि अर्ध्या शब्दांत कोष्टकाने, ही स्थिती सर्वांत वाईट. कारण अशा लिप्यंतरावर ना मूळ कागदाचे नियंत्रण राहते, ना कोणत्या एका नियमाचे.

५

पाठात हेतुपुरस्सर शुद्धी करणे ही गोष्ट मराठीला नवी नाही. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. ते काम शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये पुरे झाले, हे त्यांनीच सांगून ठेविले आहे, आणि पुढे कोणी त्या पाठात आपल्या ओव्या घालू नयेत म्हणून कडक शब्दांत बजावलेही आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्याला मिळालेल्या, एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा भाषेच्या रूपातील अंतर किती आहे हे अभ्यासकांसमोर आले. त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी मतभेद असोत. येथे एवढेच पाहावयाचे की, हा वाद घालता येतो. शुद्धी कोणी केली, केव्हा केली, हे ठाऊक असल्यामुळे तिच्या अलीकडे-पलीकडे काय होते असा प्रश्न विचारता येतो.

छापखान्यातील जुन्या व्यवस्थेतही हे होते. खिळे जुळविणाऱ्याची चूक मुद्रितात उमटे. मुद्रितशोधक समासात खूण करी. आणि ती मुद्रिते जपून ठेविल्यास कोणता बदल कोणाच्या हातचा हे पुढे पाहता येई. यांत्रिक शुद्धीला समास नाही. तिने बदललेला शब्द आणि लेखकाने तसाच लिहिलेला शब्द यांत कागदपत्रात काहीही फरक राहत नाही. वर्डमध्ये बदलांची नोंद ठेवण्याची स्वतंत्र सोय आहे, ती येथे उपयोगी पडेल असा समज असतो. परंतु ती सोय आधी असलेल्या मजकुरातील फेरफार दाखविते. नुकत्याच लिहिलेल्या स्वतःच्याच शब्दात लगेच झालेला बदल हा नव्या लेखनाचाच भाग समजला जातो, व वगळलेला शब्द म्हणून त्याची नोंद राहत नाही.

त्यातच दुरुस्तीची कोष्टके कागदपत्रात नसतात. ती लिहिणाऱ्याच्या संगणकावर, भाषावार वेगळ्या फाइलींत साठविलेली असतात. लिब्रेऑफिससारख्या मुक्त वर्ड प्रोसेसरमध्येही स्थूलमानाने हीच रचना आहे. यामुळे एकच पान दोन अभ्यासकांनी दोन संगणकांवर उतरून काढले तर दोन पाठ तयार होऊ शकतात, आणि त्या पाठांकडे पाहून भेदाचे कारण सांगता येत नाही. पोथीचे कूळ ठरविताना समान चुकांचा आधार घेतात. येथे समान ‘शुद्धी’ हा दोन प्रतींतील नात्याचा पुरावा नसून दोन यंत्रांतील साम्याचा पुरावा असेल. पुढील काळातील पाठचिकित्सकाला हे कोडे कसे उलगडावयाचे, हे सांगणे अवघड आहे.

शब्दांखेरीज मांडणीतही हे हस्तक्षेप होतात, आणि तेथे ते कमी लक्षात येतात. स्वरविचार लिहिणाऱ्याने रोमन लिपीत ‘आय’ हे लहान अक्षर एकटे लिहिले, तर इंग्रजीच्या कोष्टकाप्रमाणे ते उत्तमपुरुषी सर्वनाम समजले जाऊन मोठे होते. कंसात ‘सी’ लिहून तिसरा मुद्दा दर्शविला की स्वामित्वहक्काचे चिन्ह उमटते. ओळीच्या आरंभी इंग्रजी आकडा व टिंब देऊन पुढे लिहू लागले की तो परिच्छेद क्रमवार यादीचा भाग होतो. त्यानंतर तो आकडा लिहिलेला राहत नाही, यंत्राने मोजलेला होतो. जुन्या प्रतीत ओव्यांचे क्रमांक चुकलेले असतात, एखादा दोनदा येतो, एखादा गळतो. ही चूक उतरून घेणे आवश्यक असते, कारण गळालेल्या मजकुराची किंवा मागाहून घातलेल्या ओवीची ती खूण असू शकते. मोजणारे यंत्र ती खूण पुसून सरळ क्रम लावून देते.

६

हे सर्व धोके केवळ जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकापुरते आहेत, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येणार नाही. जनुकशास्त्रातील उदाहरण याच्या उलट सांगते. ते वर्ड प्रोसेसरचे नसून त्याच्या सोबतीने येणाऱ्या एक्सेल या तक्ते मांडण्याच्या साधनाचे आहे. परंतु प्रवृत्ती तीच. मानवी जनुकांना दिलेली काही संक्षिप्त नावे इंग्रजी महिन्यांच्या नावांसारखी दिसत: ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशांसारखी. तक्त्यात ती लिहिताच साधन त्यांना तारखा समजून बदलून टाकी. या दोषाकडे २००४ मध्येच लक्ष वेधले गेले होते. २०१६ मध्ये झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेल तक्त्यांच्या रूपाने जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या.

याचा शेवट कसा झाला हे अधिक बोधक आहे. साधन बदलले जाण्यापूर्वी नावे बदलली गेली. जनुकांच्या नामकरणाची जबाबदारी असलेल्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत याची दखल घेतली. ‘मार्च-१’चे ‘मार्चएफ-१’ झाले, ‘सेप्ट-१’चे ‘सेप्टिन-१’ झाले. अशी रूपांतरे बंद करण्याची स्वतंत्र सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली. म्हणजे शास्त्राने आपली परिभाषा एका कचेरीच्या साधनाला मुरड घालून दिली. व्यवहारदृष्ट्या समितीचा निर्णय शहाणपणाचा होता, यात शंका नाही. परंतु यंत्राची सोय ही भाषेच्या घडणीत कारण होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. देवनागरीच्या बाबतीत टंकलेखन आणि यांत्रिक खिळेजुळणी यांच्या सोयीसाठी लिपी बदलण्याच्या सूचना गेल्या शतकात पुष्कळ झाल्या. त्या सूचना निदान उघडपणे मांडल्या गेल्या, त्यांवर वाद झाले, काही टाकल्या गेल्या. कोष्टकातून होणारा बदल कोणापुढे मांडला जात नाही.

७

यावर ‘ऑटोकरेक्ट पूर्णपणे बंद करा’ असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो सोपा आहे, पण पुरेसा विचारपूर्वक नाही. ज्या मूळ ग्लॉसरीपासून ही सोय निघाली तिचा गुण अद्याप तीत शिल्लक आहे, आणि तो संशोधकाच्याच अधिक उपयोगाचा आहे. संस्कृत-प्राकृत शब्दांच्या रोमन लिप्यंतरासाठी लागणारी, खाली टिंबे व वर आडव्या रेघा असलेली अक्षरे कळफलकावर सहज मिळत नाहीत. त्यांना लघुसंकेत ठरवून दिले तर श्रम वाचतात व एकसारखेपणा राहतो. हस्तलिखित संग्रहांची लांबलचक नावे, प्रतींचे संकेत, पारिभाषिक संज्ञा यांचेही तसेच. येथे बदलाचा कर्ता संशोधक स्वतः असतो. नोंद त्याने केलेली असते व तिचा अर्थ त्याला ठाऊक असतो. मात्र संकेत असा निवडावा की तो कोणत्याही भाषेत शब्द म्हणून येऊच शकणार नाही. ‘जाले’ हे उदाहरण घातक ठरते ते एवढ्याचसाठी की, ज्याला चूक म्हणून नोंदविले तो दुसऱ्या काळातील शब्द आहे.

तेव्हा भेद करावयाचा तो चालू आणि बंद यांत नव्हे, तर स्वतःच्या नोंदी आणि परक्या नोंदी यांत. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग या मार्गाने ऑटोकरेक्ट ऑप्शन्सपर्यंत गेले असता तेथे कोष्टक पूर्ण वाचता येते. आश्चर्य असे की, आयुष्याची पुष्कळ वर्षे त्या कोष्टकाच्या हाताखाली लिहिणारेही ते एकदा उघडून वाचीत नाहीत. तपासणीच्या शब्दसंग्रहातील सूचना आपोआप वापरण्याची मुभा तेथेच दिलेली असते. संशोधनलेखनात ती काढून घ्यावी, याविषयी दुमत होण्याचे कारण दिसत नाही. मांडणीच्या आपोआप होणाऱ्या बदलांसाठी वेगळा विभाग आहे, आणि क्रमवार यादी तेथेच थांबविता येते. अपवादांची यादीही ठेवता येते. दुरुस्ती पुसून शब्द पुन्हा मुळाप्रमाणे लिहिला तर तो त्या यादीत आपोआप दाखल व्हावा, अशीही व्यवस्था आहे. एखादी दुरुस्ती होताना दिसलीच, तर कंट्रोल आणि झेड या कळा लगेच दाबल्याने ती तेवढीच मागे घेता येते व लिहिलेला शब्द कायम राहतो.

जुन्या पाठाच्या लिप्यंतरासाठी मात्र एवढ्यावर विसंबू नये. दुरुस्ती टंकन चालू असता होते. बाहेरून आणून चिकटविलेल्या मजकुरावर ती अशी चालत नाही. यास्तव लिप्यंतर प्रथम अशा साध्या लेखनसाधनात करावे की ज्यात स्वयंदुरुस्ती नाही. ती फाइल अस्पर्श ठेवावी. आणि तिची प्रत प्रबंधात आणावी. पुढे शंका आल्यास दोन फाइलींची तुलना करण्याची सोय वर्डमध्ये आहे. मूळ कागद, साधे लिप्यंतर आणि प्रबंधातील उतारा असे तीन टप्पे हाती राहिले, म्हणजे कोणता बदल कोठे शिरला हे दाखविता येते. हातातील फोनवर अथवा सुचवलेले शब्द स्वीकारीत जाणाऱ्या नव्या साधनांवर लिप्यंतर करण्याची सवय वाढत आहे. ती साधने एका शब्दावर न थांबता मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज बांधतात. त्यामुळे त्यांची सुधारणा अधिक सफाईची, आणि म्हणून, वर सांगितलेल्या जाणत्या नकलकाराप्रमाणे, ओळखण्यास अधिक कठीण असते. अशा साधनावर उतरलेला पाठ पुन्हा मुळाशी ताडल्याशिवाय आधारासाठी घेऊ नये.

राहिला प्रश्न प्रबंधातील निवेदनाचा. संपादित ग्रंथाच्या प्रस्तावनेत प्रतींचे वर्णन, लिप्यंतराचे धोरण, ह्रस्वदीर्घाविषयीचा निर्णय यांचा उल्लेख करण्याची प्रथा आहे. तेथेच लेखन कोणत्या साधनावर झाले, स्वयंदुरुस्ती चालू होती किंवा नाही, आणि असल्यास अभ्यासकाने स्वतः केलेल्या नोंदी कोणत्या, हे दोन वाक्यांत सांगता येईल. नोंदी पुष्कळ असतील तर त्यांचे कोष्टक परिशिष्टात छापावे. मार्गदर्शकांनी कच्चा प्रबंध तपासताना उताऱ्यांची चार-दोन पाने मुळाशी ताडून पाहावीत. ताडताना दुर्बोध ओळींवर वेळ घालविण्याचे कारण नाही. जी ओळ आजच्या वाचकाला कोठेही न अडखळता वाचता येते, तिच्यापासून आरंभ करावा.